शिवी नको, कायदा वाचा

मागच्या आठवड्यात मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाझाचा व्हिडिओ आला. ढिगाऱ्यातून काढलेलं मूल. खाली कुणीतरी अख्ख्या यहुदी जमातीला शिवी घातली होती आणि तिला चाळीसेक अंगठे मिळाले होते. मी गप्प बसलो. तेव्हा लिहायला हवं होतं, ते आता लिहितोय.

आमच्या रायगडात यहुदी परके नव्हते. अलिबाग, नवगावकडचे बेने इस्राएल घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. बोली मराठीच. १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिथल्या १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’ने जगातल्या कुठल्याही यहुद्याला येऊन राहायचा हक्क दिला.

त्याच वर्षी त्याच संसदेने दुसरा कायदा केला, ‘गैरहजरांच्या मालमत्ते’चा. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी पळाले किंवा हाकलले गेले. त्यांची घरं, शेतं, संत्र्याच्या बागा सरकारी ताब्यात गेल्या. काही जण तर इस्रायलच्या हद्दीतच होते, पुढे नागरिकही झाले. पण जमिनीपुरते गैरहजर! त्यांना ‘हजर गैरहजर’ असंच नाव पडलं. (आपल्याकडच्या तलाठ्यालाही हे सुचलं नसतं.) निर्वासितांना परतू द्या, असा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव १९४ डिसेंबर १९४८ चाच आहे.

म्हणजे अलिबागला जन्मलेला यहुदी याफात घर करू शकतो आणि याफात जन्मलेला निर्वासित तिथे परतू शकत नाही. भांडण हे आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला, १९६७ पासून व्यापलेल्या प्रदेशातलं इस्रायलचं अस्तित्व बेकायदा ठरवलं, तेही कायद्यावर बोट ठेवून, कुणाच्या धर्मावर नव्हे.

आणि त्या कोकणी यहुद्यांचं तिथे काय झालं? धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली, त्यांची लग्नं अडवली. आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण यहुदी मानलं गेलं. आता यांनाही त्याच शिवीत मोजायचं?

कुणी म्हणेल, तिथे मुलं मरताहेत आणि तुम्ही शब्द मोजताय. राग मलाही आहे. पण सूरह माइदाची आठवी आयत रागावलेल्यांसाठीच आहे. वैर असलं तरी इन्साफ सोडायची मुभा तिने दिलेली नाही. शिवाय आपली एक शिवी दाखवून सगळा प्रश्न यहुदी-द्वेषाच्या खात्यात टाकणारे टपलेलेच असतात.

आज रात्री ग्रुपवर ते दोन्ही कायदे टाकणार आहे. अंगठे किती येतात, बघू.