वायर सोलायची कशानं?

नालवाडीच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. मुलगी आठवीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ती पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटा करते आहे. नऊ व्होल्टची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, बझर आणि वायरींचे तुकडे, एवढाच संसार. पण वायरचं टोक उघडं करायचं म्हटलं की पोर ती दातांत धरते! वडील म्हणतात, पक्कड आहे की घरात. आजी म्हणते, हे काय पोरींचं काम? वर्ध्याच्या दुकानात गेल्या तर दुकानदारानं तीन तऱ्हेची हत्यारं समोर टाकली आणि विचारलं, "मुलासाठी हवंय का?" भगिनी विचारतात, यातलं घ्यावं तरी कोणतं?

दातांचं आधी बघू या. स्वस्त वायरच्या प्लास्टिकमध्ये शिशाचे क्षार असू शकतात, आणि शिसं पोटात जाणं लहान मुलांना फार वाईट. शिवाय पुढच्या दाताचा टवका उडाला तर डॉक्टरांचं एक बिल हत्याराच्या कितीतरी पट होईल. सुरी, ब्लेड, विळी यांनीही वायर सोलली जाते, नाही असं नाही. पण ब्लेड प्लास्टिकवर थांबत नाही, आतल्या तांब्यावर चरा पाडतं. चरा दिसत नाही. तार दोनचारदा वाकली की नेमकी तिथंच तुटते, घंटा वाजत नाही, आणि पोरीला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. मला वाटतं, अशा वेळी मुली हातातलं काम सोडून देतात, आणि घरातले म्हणायला मोकळे होतात, "बघ, सांगितलं होतं ना?" म्हणून हे दीडदोनशे रुपयांचं हत्यार मला चैनीचं वाटत नाही.

आता दुकानातल्या त्या तीन तऱ्हा. पहिली साधी. कात्रीसारखे दोन जबडे, दोन्हीत समोरासमोर एकेक खाच, आणि दांड्यावर एक स्क्रू. तो पुढेमागे सरकवला की जबडे किती मिटायचे ते ठरतं. दुसरीत ओळीनं भोकं असतात आणि प्रत्येकाशेजारी नंबर. तिसरी ऑटोमॅटिक. वायर तोंडात दिली, मूठ दाबली की एक जबडा धरतो आणि दुसरा प्लास्टिक ओढून काढतो. दिसायला झोकदार, किंमतही झोकदार. घरभर वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीला ती फार सोयीची. पण घंटेच्या केसासारख्या बारीक वायरी तिच्यात बरेचदा घसरतात नाहीतर चेपतात. आठवीतल्या मुलीसाठी मी ती घेणार नाही.

भोकांच्या हत्यारावरचे नंबर पाहून पुष्कळजणी गोंधळतात. नंबर मोठा तितकी तार बारीक! पण हे आपल्याला नवं का आहे? विणकामाची दहा नंबरची सुई आठ नंबरपेक्षा बारीकच असते की नाही? आणि सुताचा नंबर वाढला की सूत बारीक होतं, हे नालवाडीला मी काय सांगायचं! 1932 साली विनोबा तिथं राहायला आले आणि नुसत्या सूतकताईच्या कमाईवर माणूस जगू शकतो का, हे त्यांनी स्वतःवरच अजमावून पाहिलं. तारेचा हिशेबही तसाच. मेख एवढीच, की हत्यारावरचे नंबर बहुधा अमेरिकी मापाचे असतात आणि आपल्याकडे जुनी ब्रिटिश मापंही चालतात. अमेरिकी 22 नंबरची तार 0.64 मिलिमीटर जाड, तर ब्रिटिश 22 नंबरची 0.71. एवढ्याशा फरकानंही तांब्यावर चरा पडतो. दुकानदार 'चौदा-छत्तीस' म्हणाला तर ते आणखी निराळं. 36 नंबरच्या बारीक तारा, आणि त्या 14 एकत्र. घराच्या भिंतीतली वायर तर चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात, एक, दीड, अडीच.

म्हणून माझं मत पहिल्या, साध्या हत्याराला. नंबरांच्या भानगडीत न पडता समोरची वायर हेच त्याचं माप. नाशिकच्या तापारिया कंपनीचं हत्यार बहुतेक दुकानांत मिळतं. दुसरं कुठलं बरं मिळालं तरी हरकत नाही. मात्र दुकानात जाताना दोन गोष्टी न्यायच्या, प्रकल्पातली वीतभर वायर आणि मुलगी. हो, मुलगी! हत्यार तिच्या हातात बसायला हवं, बाबांच्या नव्हे. जबडे पूर्ण उघडले असताना तिची बोटं दोन्ही मुठींना वेढा घालतात का, ते बघा. स्प्रिंग इतकी कडक नको की दहा वायरींत मनगट दुखेल. जबडे मिटून उजेडासमोर धरा. पाती एकमेकींवर सरळ यायला हवीत, खाचा समोरासमोर. मग तिलाच दोनतीन टोकं सोलू द्या. उघडी तार नखाखाली फिरवून वाकवायची. चरा असला तर नखाला लागतोच.

बाईच्या हाताला झेपेल असं हत्यार मागणं म्हणजे काही लाड नाही हं. 1929 साली चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटींत किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, अशी एक अट होती. आणि दुसरी म्हणजे, बाईला तो सलग आठ तास फारसं न थकता चालवता यायला हवा. ते बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. पण हत्यार बघताना कुणाचा हात डोळ्यांपुढे ठेवायचा, ते अटीतच लिहिलेलं होतं. वर्ध्याचं मगन संग्रहालय 1938 सालचं. तिथले चरखे पोरीला घेऊन जरूर बघा.

घरी आल्यावर पहिल्यांदा स्क्रू असा ठेवा की जबडे जरा जास्तच उघडे राहतील. टाकाऊ तुकड्यावर करून बघत थोडं थोडं मिटवत न्या. प्लास्टिक कापलं जातंय आणि तांबं शाबूत आहे, ती जागा सापडली की स्क्रू घट्ट करा आणि शेजारी नेलपॉलिशचा ठिपका द्या. वायर बदलली तर दुसऱ्या रंगाचा ठिपका! दाबायचं, किंचित सैल सोडायचं, मगच ओढायचं. दाबूनच ओढलं तर चरा पडलाच म्हणून समजा. टोक करंगळीच्या नखाएवढं उघडं केलं की पुरे. गुच्छाची वायर असेल तर आतल्या तारा मोजायला लावा. चौदाच्या बारा झाल्या तर स्क्रू फार मिटलाय. मोजून झाल्यावर तारा चिमटीत पिळून घ्यायच्या.

चुंबकाचं वेटोळं करायची ती तांबूस, चकचकीत तार मात्र यातली नव्हे. तिच्यावर प्लास्टिक नसतं, वार्निशासारखा पातळ लेप असतो. तिथं वाळूकागदाचा तुकडा लागतो. हत्यार वाया घालवू नका.

घंटा वाजायला लागली की पोरगी म्हणेल, "आई, इस्त्रीची वायरही मीच बदलते." बॅटरीचं काम खुशाल एकटीला करू द्या, पण घरच्या विजेचं काम जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच. आणि बटण बंद केलंय एवढ्यावर भागवायचं नाही. प्लग ओढून काढायचा आणि डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायचा. हत्याराच्या मुठीवरचं लाल प्लास्टिक पकड घसरू नये म्हणून असतं. शॉकपासून ते वाचवील, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.