घेऊ की नको?

परवा नवी मुंबईत, वाशीच्या आमच्या ब्लॉकमध्ये चकल्यांचा घाणा चालू असताना अमेरिकेहून पुतण्याचा फोन आला. "काका, हरणाच्या शिकारीसाठी विंचेस्टर रायफल घेऊ का? नव्या बनावटीची!"

सौभाग्यवतींच्या हातातला झारा वरच राहिला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. तिकडे परवाना काढून हंगामात ती करता येते. रायफल १८९४ च्या नमुन्याची. चापाखालची कडी पुढे ढकलून मागे घेतली, की रिकामे काडतूस बाहेर अन् भरलेले नळीत! अमेरिकेतला जुना कारखाना २००६ साली बंद पडला. आता ती जपानात तयार होते. शौकीन मंडळी १९६४ पूर्वीचीच शोधतात. नवीला मात्र सुरक्षेची कळ आहे.

मला आठवली ती आमच्या दादांची दुनळी. १९६० च्या सुमारास कोकणात भातशेती राखायला तिचा परवाना होता. एकदा रानडुकराला गोळी लागली, पण ते जखमी होऊन झाडीत शिरले. दादा कंदील घेऊन रात्रभर माग काढीत फिरले. पहाटे त्याला यातनांतून सोडवूनच परतले, आणि दिवसभर जेवले नाहीत.

मी म्हटले, "बाबा रे, नवी की जुनी, ते दुकानदाराला विचार. नेम चुकला तर आजोबांसारखा रात्रभर माग काढशील का, एवढे आधी स्वतःला विचार."

पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही. इकडे चकल्या मात्र करपल्या!