जुलैतले किंग्स्टन

कर्जत-खालापूरकडचा कुणी मुलगा जहाजावर नोकरीला असेल आणि जुलैत जमैकातल्या किंग्स्टन बंदरी उतरणार असेल, तर त्याला हे वाचून दाखवा. तिथला अक्षांश जवळजवळ आपलाच, पण आपल्यासारखी झोड नाही. वारा ईशान्येचा, त्यातला बराच पाऊस २,२५६ मीटर उंचीचा ब्लू माउंटन अडवतो. शहर आपल्या घाटापलीकडच्या गावांसारखे उन्हात तापते. भीती वादळाची. ३ जुलै २०२४ रोजी बेरिल किनाऱ्याला घासून गेले. इशारा मिळताच आडोसा धरावा.

आंबा तिथे १७८२ मध्ये पकडलेल्या फ्रेंच जहाजातून पोचला. नीरफणसही भाजून मिळतो. खुशाल खावे! मात्र कोय, कलम, माती परवान्याशिवाय आणू नये. त्यातून नवी कीड आपल्या बागेत येते.