गाडी तापते, पण कधी?

मे महिन्यात नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला निघालो की बॉनेट उघडून कडेला उभी असलेली एखादी जुनी पिकअप हमखास दिसते. पारा चाळिशीपार गेला की इंजिन तापायचेच, असे आपण धरून चालतो. पण त्याच उन्हात, तेवढाच माल घेऊन दुसरी गाडी बिनघोर पुढे निघून जाते. तेव्हा दोष एकट्या उन्हाचा नसावा.

आमच्या भाईजानांची पिकअप पंधरा वर्षांची आहे. अर्धापूरची केळी लातूरला न्यायची, येताना मिळेल तो माल आणायचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी ती तापू लागली. एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढून टाकला. आपल्याकडे त्याची गरजच काय, म्हणाला. दुसऱ्याने वॉटर पंप बदलला. पैसे गेले, काटा मात्र लाल रेषेवरच. केळीची गाडी वाटेत दोन-दोन तास उभी राहिली तर माल काळा पडतो आणि भाव पडतो. घर त्या गाडीवर चालते.

शेवटी एका जुन्या उस्तादांनी पाना उचलण्याआधी विचारले, "भाई, गाडी तापते, पण कधी?" डॉक्टरही असेच विचारतात, ताप सकाळी येतो की रात्री? आम्हा मास्तर मंडळींना हा प्रश्न फार आवडला.

कारण अर्धे निदान त्यातच आहे. गर्दीत, उभ्या-उभ्या तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर आधी पंखा पाहावा. पट्टा सैल असतो किंवा पंखा पुरेसा फिरत नाही. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापली, तर पाणी कमी आहे किंवा थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे. गावात ठीक, पण भरल्या मालाने चढावर तापते, तर बहुधा रेडिएटर चोंदलेला असतो. आणि पाणी रोज घटते पण खाली थेंब दिसत नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, ऑइल दुधाच्या चहासारखे झाले, तर हेड गॅस्केट गेले समजावे. मग गाडी चालवूच नये, टोचन करून न्यावी.

आमची गाडी चढावर तापणारी. रेडिएटर उघडला तर नळ्यांत पांढरा थर. आपल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला बसतो तोच. वर्षानुवर्षे वाटेत मिळेल ते पाणी ओतले, त्यातला क्षार उष्णतेने आत बसत गेला. बाहेरून जाळीत सोयाबीनचा भुसा आणि कापसाचे तंतू. रेडिएटर जुन्या पितळी पद्धतीचा, म्हणून टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवता आली. जाळी इंजिनच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुतली. जोराच्या धारेने पाती वाकतात.

थर्मोस्टॅट उस्तादांनी परत बसवला. तो नसला की थंडीत इंजिन लवकर गरम होत नाही, झीज वाढते. काही इंजिनांत तर थोडे पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच फिरत राहते. झाकणही बदलले. ते कुकरच्या झाकणासारखे काम करते. दाब धरून ठेवते, म्हणून पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. रबर गेले की दाब गेला. एवढी स्वस्त वस्तू, पण तिच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते.

आता राहिला पाण्याचा प्रश्न. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात रेडिएटरसाठी चांगले पाणी शोधा म्हणणे कुणाला चैन वाटेल. पण बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे मिसळून एकदा भरले की वाटेत बोअरचे पाणी ओतावे लागत नाही. तयार मिश्रण आणले असेल तर त्यात पाणी घालू नये.

वाटेत वाफ दिसली तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण सैल होताच ते तोंडावर उसळते. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो. हात भाजलाच तर वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद काही लावू नये. चेहरा भाजला किंवा मोठे फोड आले तर तडक दवाखाना.

काढलेले जुने कूलंट अंगणात तगारीत ठेवू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते. लहान मुले, मांजरे, बकऱ्या तोंड लावतात. आमचे उस्ताद ते घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर फळीवर ठेवतात.