झाडावर कुऱ्हाड घालण्याआधी सांधा पाहा



उसाचे बिल हाती पडले की घरोघर राहिलेली दुरुस्ती निघते. त्यात तुंबलेल्या संडासाचे काम पहिले. वैभववाडी-कणकवलीकडे काय नि खाली मालवण किनाऱ्याला काय, घर म्हटले की परसात माड, फणस, आंबा आलाच. पाइप उकरावा तर आत मुळांच्या जटा! मग गवंडी म्हणतो, "झाड तोडा," आणि आपण लागलीच कुऱ्हाड शोधतो. आम्हांला हे पटत नाही.

शाबूत पाइप मूळ सहसा फोडीत नाही. ओल जिथे झिरपते तिकडे ते वळते. पावसाळ्यात आपल्याकडे पाण्याला तोटा नाही. पण पुढे उन्हाळ्यात जांभ्याची जमीन सुकते आणि गळक्या सांध्याची ओल झाडाला आयती मिळते. केसाएवढ्या फटीतून शिरलेले मूळ आत फोफावते. जमिनीखालच्या ठिबकच्या छिद्रात उसाचे मूळ शिरलेले ज्यांनी पाहिले, त्यांना अधिक सांगणे नको.

जुन्या चिनीमातीच्या पाइपला दर दोन-तीन फुटांवर सिमेंटचा सांधा. जमीन जरा बसली की तो तडकतो. म्हणून बदलताना पीव्हीसी घ्यावा हे बरोबर. लांबी जास्त, सांधे कमी. पण पीव्हीसी घातला म्हणजे मिटले, असेही नाही. स्वीडनमधील पाहणीत पीव्हीसीच्या सांध्यांतूनही मुळे शिरलेली आढळली आहेत. तेव्हा पाइपच्या जातीइतकेच सांध्याकडे लक्ष हवे.

आपल्यातलीच एक खोड येथे बोलून दाखवतो. शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला पातळ पाइप आपण संडासाला लावतो. अडीच किलो दाबाचा तो पाइप. वरून उसाची ट्रॉली गेली की चेपतो आणि सांधा उघडतो. जमिनीखालच्या सांडपाण्यासाठी आय. एस. १५३२८ चा शिक्का असलेला वेगळा पाइप असतो, तोच मागून घ्यावा. रबरी रिंगचा सांधा असेल तर रिंग खाचेत नीट बसली की नाही ते पाहावे. चिकटवायचा असेल तर तोंड पुसून, कोरडे करून मगच सोल्युशन लावावे. पाइप दगडावर न टेकवता वाळूवर बसवावा, चाळीस फुटांना फूटभर उतार द्यावा, वळणावर चेंबर ठेवावे. आणि चर बुजवण्याआधी खालचे तोंड बंद करून पाइप पाण्याने भरावा. पाणी उतरले तर सांधा गळतो आहे, हे समजावे. ही परीक्षा झाल्याशिवाय गवंड्याचा हिशेब पुरा करू नये!

यात प्रश्न नुसता तुंबण्याचा नाही, विहिरीचा आहे. जांभा चाळणीसारखा, सांध्यातून गळलेली घाण पिण्याच्या पाण्यात उतरायला वेळ लागत नाही. शोषखड्डासुद्धा विहिरीपासून निदान १८ मीटर लांब असावा असे भारतीय मानक सांगते. जांभ्यात त्याहून लांब असलेला बरा. झाड तोडले तरी गळका सांधा गळतच राहणार. उलट मुळांनी आपल्याला दोष दाखवून दिला, असेच आम्ही म्हणू.

माड तासाभरात आडवा होतो. नवा लावला तर फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. सांधा मात्र एका दिवसात नीट करता येतो. आधी तो करावा, हे आमचे सांगणे.