शोकेसमधली काच गॅसवर चढवण्याआधी

मागच्या दिवाळीत आमच्या घरात एका भांड्यावरून भांडण झालं. शब्दशः. आत्या ऐंशीच्या दशकात काही वर्षं अमेरिकेत होती. येताना तिनं एक पांढरंशुभ्र, चौकोनी, झाकणाचं भांडं आणलं होतं. बाजूवर तीन निळी फुलं. ते भांडं गेली पस्तीस-चाळीस वर्षं आजीच्या शोकेसमध्ये, एका पितळी नटराजाच्या आणि माझ्या बालवाडीतल्या बक्षिसाच्या मध्ये उभं आहे. त्यात कधी कुणी काही शिजवलेलं मला आठवत नाही. ‘पाहुणे आले की काढू’ असं आजी म्हणते. पाहुणे येतात, जातात, भांडं तिथंच.

तर या दिवाळीत माझ्या चुलतभावानं मोबाइल नाचवत जाहीर केलं, की हे कॉर्निंगवेअर आहे आणि असंच्या असं भांडं नेटवर दहा हजार डॉलरला आहे. दहा हजार! रुपयांत गुणाकार करेपर्यंत काकाचा चहा थंड झाला. मग ते कुणाचं, आत्याचं की आजीचं, विकायचं की नाही, विकलं तर वाटे किती... फराळाच्या ताटासमोर हे सगळं झालं आणि आत्या रडवेली होऊन आत निघून गेली.

गंमत अशी की भांडण ज्यावरून झालं तो आकडाच पोकळ होता. विक्रीच्या साइटवर कुणीही काहीही किंमत टाकू शकतं. मी माझी फाटकी चप्पल लाखाला लावली म्हणून ती लाखाची होत नाही. बघायचं असतं ते ‘विकलं गेलेलं’ म्हणून जे वेगळं दिसतं ते. तो फिल्टर लावला की दहा हजार डॉलरचं भांडं बहुतेक वेळा काही दहा-वीस डॉलरवर येऊन बसतं. आणि हे साहजिक आहे. निळ्या फुलांचं हे डिझाइन १९५८ला बाजारात आलं आणि पुढची जवळपास तीस वर्षं निघत राहिलं. तेव्हाच्या अमेरिकेत ते घरोघरी होतं, आपल्याकडे स्टीलचा डबा असतो तसं. जे घरोघरी असतं ते दुर्मीळ कसं असेल? काही मोजकी डिझाइन्स, काही थोडे दिवसच निघालेले तुकडे याला संग्राहक खरंच चांगले पैसे मोजतात. पण आपल्या माळ्यावर नेमकं तेच निघेल ही आशा म्हणजे लॉटरीच.

मग या भांड्यात मोल कसलंच नाही का? आहे, आणि ते मला पैशापेक्षा भारी वाटतं. १९५३ साली कॉर्निंग कंपनीतले शास्त्रज्ञ डॉन स्टूकी यांनी काचेचा एक तुकडा ६०० अंशाला तापवायला भट्टीत ठेवला. भट्टी बिघडली आणि पारा ९००वर गेला. काच वितळून भट्टीची वाट लागली असणार असं धरून त्यांनी दार उघडलं, तर आत दुधासारखी पांढरी, अख्खी प्लेट. चिमट्यातून ती निसटून जमिनीवर पडली तरी फुटली नाही. काचेच्या आत बारीक स्फटिक तयार झाले होते. या कुळातल्या पदार्थाचा उपयोग पुढं क्षेपणास्त्रांच्या टोकाच्या आवरणासाठी झाला आणि स्वयंपाकघरातही झाला. तापल्यावर तो फुगतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून जुनं कॉर्निंगवेअर थेट शेगडीवर चालतं. म्हणजे आमच्या शोकेसमध्ये नटराजाशेजारी क्षेपणास्त्राचा चुलतभाऊ उभा आहे आणि आम्ही त्याचे वाटे करत बसलोय.

पण (आणि हा ‘पण’ वाचल्याशिवाय कुणी आजीची शोकेस उघडू नका) जुनं काचेचं भांडं म्हणजे भक्कम भांडं, हे खरं नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये.

सेकंड इयरला आम्ही तिघी पुण्यात फ्लॅट शेअर करत होतो. रविवारी जुन्या बाजारात गेलो असताना एक जाड, पारदर्शक, अंडाकृती भांडं दिसलं. खाली काही लिहिलेलं नव्हतं. विकणारे काका म्हणाले, ‘इम्पोर्टेड आहे ताई, आगीवर ठेवा, काही होत नाही.’ अडीचशेचं दीडशेला घेतलं आणि विजयी मुद्रेनं घरी आलो. रात्री त्यात मॅगी. गॅसवर. चार मिनिटं सगळं छान. पाचव्या मिनिटाला जो आवाज झाला त्यानं खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. रूममेटच्या पायाला तीन टाके पडले. पुढं दोन महिन्यांनी सिलिंडर बदलताना त्याच्यामागं आम्हाला काचेचे कण सापडले. डोळ्यापर्यंत काही उडालं नाही हे आमचं नशीब. अक्कल तर आम्ही वापरलेलीच नव्हती.

आणि लाज याची वाटते की मी सायन्सची. लॅबमध्ये बीकर बर्नरवर ठेवताना खाली तारेची जाळी ठेवतो ना? गरम बीकर नळाखाली धरला तर सर ओरडतात ना? तीच काच घरी आली की आपण सगळं विसरतो. काच उष्णता फार हळू पुढं नेते. ज्योतीवरचा भाग तापून फुगतो, कडा अजून गारच असतात, त्या ओढाताणीत ती तडकते. लॅबमधली बोरोसिलिकेट काच साध्या सोडालाइम काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते, म्हणून जास्त सोसते. ती सोसते जास्त, पण तिलाही मर्यादा आहे. लॅबमधली जाळी त्याच मर्यादेसाठी असते.

या काचेची घरात येण्याची गोष्टही मजेशीर आहे. १९१३मध्ये कॉर्निंगमधल्या जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांनी बॅटरीसाठी बनवलेल्या काचेच्या बरणीचा कापलेला बुडखा घेऊन त्यात केक भाजला. केक जमला आणि १९१५मध्ये पायरेक्स बाजारात आलं. आपल्याकडे १९६२मध्ये सुरू झालेल्या बोरोसिलनं याच कॉर्निंगच्या सहकार्यानं ही काच आणली. म्हणून तर आपल्या आयांच्या तोंडी काचेच्या कुठल्याही भांड्याला ‘बोरोसिल’ असतं, भले ते कुठल्याही कंपनीचं असो. या सवयीनंच घात होतो. नाव एक आणि काच भलतीच.

सध्या रीलवर एक युक्ती फिरतेय. पायरेक्सचं नाव मोठ्या लिपीत असेल तर बोरोसिलिकेट, छोट्या लिपीत असेल तर साधी काच. ऐकायला मस्त. भरवसा ठेवायला नाही. अमेरिकेत १९४०च्या दशकापासूनच काही पायरेक्स कडक केलेल्या सोडालाइम काचेचं निघत होतं. ते रंगीत, गोंडस बाउल, जे इन्स्टावरच्या थ्रिफ्ट पेजेसवर भाव खाऊन जातात, ते त्यातलेच. मिसळायला, वाढायला उत्तम, शेगडीवर अजिबात नाही. कॉर्निंगनं १९९८मध्ये घरगुती भांड्यांचा धंदाच विकला आणि त्यानंतर कॉर्निंगवेअर याच नावानं चिनी मातीसारखी भांडीही निघाली. ती ओव्हनमध्ये चालतात, ज्योतीवर नाही. म्हणून भांडं उलटं करा. बुडाला काय छापलंय ते वाचा. काहीच छापलेलं नसेल तर ते गॅसवर ठेवायचं नाही, विषय संपला. आणि कॉर्निंगवेअरचं काचेचं झाकण ही वेगळी काच आहे. भांडं ज्योतीवर चालतं म्हणून झाकण तव्यासारखं वापरू नका. (हसू नका, आमच्या ग्रुपमध्ये एकानं त्यावर पापड भाजायचा घाट घातला होता.)

जुन्या काचेची आणखी एक अडचण म्हणजे तिचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो. कुणी तारेच्या घासणीनं वर्षानुवर्षं खरवडली असेल, कुणी एकदा ओट्यावर आपटली असेल. तडा बहुतेक वेळा अशाच एखाद्या ओरखड्यातून सुरू होतो. नख फिरवून बघा, उजेडासमोर धरून बघा. कड उडालेली असेल तर त्यात पेन ठेवा, मनीप्लांट लावा. ओव्हनमधून काढलेलं भांडं ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवू नका, कोरडं फडकं किंवा लाकडी पाट घ्या. ओटीजी आधी तापवा, मग भांडं आत. फ्रीजमधून थेट ओव्हन नको.

आता रंगाबद्दल. जुन्या भांड्यांवरच्या नक्षीच्या रंगांत शिसं आणि कॅडमियम सर्रास वापरलं जायचं. नक्षी बाहेरून असेल, शाबूत असेल आणि अन्नाला लागत नसेल तर मी घाबरणार नाही. पण रंग उडायला लागलाय, हाताला भुकटी लागतेय, तर ते भांडं स्वयंपाकघरातून बाद, मग ते कितीही ‘एस्थेटिक’ असो. शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, आणि धोका सगळ्यात जास्त लहान मुलांना. लेड क्रिस्टलच्या चकचकीत बरण्यांमध्ये तर काचेतच २४ टक्के किंवा जास्त शिशाचं ऑक्साइड असतं. त्यात लोणचं किंवा कोकम आगळ भरून ठेवणं म्हणजे आंबटाला शिसं ओढून घ्यायला महिनोन्‌महिने देणं. शोकेस अशा बरण्यांसाठीच ठेवा की!

एवढं सगळं सांभाळायचं तर प्लॅस्टिकचे डबे काय वाईट, असं माझी रूममेट विचारते. तिचा डबा आणा. हळदीनं पिवळा पडलाय, धुतला तरी कालच्या सांबाराचा वास येतो, आणि मायक्रोवेव्हमध्ये घालून घालून झाकण वाकडं झालंय. नीट ओळखून घेतलेली काच वीस वर्षं वापरून झाल्यावरही जशीच्या तशी असते. जुनं भांडं वापरलं की एक नवं विकत घ्यावं लागत नाही, हा हिशोब मला त्या दहा हजार डॉलरपेक्षा खरा वाटतो. विकून श्रीमंत होण्यासाठी किंवा शेल्फवर ठेवून फोटो काढण्यासाठी कुणी व्हिंटेज घेत असेल तर घेवो बापडा. माझ्या मते भांड्याची किंमत त्यात काय शिजलं यावर ठरते.

दिवाळीच्या त्या भांडणानंतर आठवड्यानं मी आत्याला फोन केला आणि नुसतं विचारलं, ‘त्यात तू काय करायचीस गं?’ ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘शेवयांची खीर. बर्फ पडायचा बाहेर, घरची आठवण यायची. त्या भांड्यात दूध खाली लागायचं, ढवळत राहावं लागायचं, म्हणून मला ते आवडायचं. हाताला काम.’ घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. आजीलासुद्धा.

संक्रांतीला आत्यानं ते भांडं स्वतः शोकेसमधून काढलं. मी बुडाचा शिक्का वाचला, उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिलं. भांडं ठणठणीत, झाकणाची कड मात्र उडालेली निघाली. मग ताटलीच झाकली आणि मंद आचेवर खीर केली. दूध खाली लागलंच. काकानं दोनदा घेतली. झाकणासाठी या रविवारी मी पुन्हा जुन्या बाजारात जाणार आहे, फक्त या वेळी काकांचं ऐकणार नाही.