नक्षी आणि माप एकाच वर्गात शिकवा

आपल्या शाळेतील मुले संगणकावर सुरेख नक्षी काढतात. तोरण, मोर, देवनागरी अक्षरांची वेलबुट्टी, सारे इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपमध्ये छान जमते. पण तीच नक्षी लाकडी फळीवर कापून घ्यायची म्हणून ऑटोकॅडमध्ये नेली की गाडी अडते. आकार भलताच लहान-मोठा होतो, वळणे तुटक दिसतात, मात्रा जागा सोडतात. मग कारागीर सारे नव्याने रेखाटतो, त्याचे पैसे वेगळे लावतो आणि मूल हिरमुसते.

आमच्या मते दोष संगणकाचा नाही. चित्रकलेचे शिक्षक माप शिकवत नाहीत आणि संगणकाचे शिक्षक रेषा शिकवत नाहीत, ही खरी अडचण आहे.

चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये माप बहुधा पॉइंटमध्ये असते. 72 पॉइंट म्हणजे एक इंच, अर्थात 25.4 मिलिमीटर. फाइलमध्ये नुसता 72 हा आकडा गेला आणि ऑटोकॅडने तो मिलिमीटर धरला, तर आकृती जवळजवळ तिप्पट होते. वळणांचेही तसेच. डीएक्सएफच्या जुन्या आर12 आवृत्तीत स्प्लाइन हा घटकच नव्हता. त्यामुळे गोलाईचे छोटे छोटे सरळ तुकडे पडतात.

उपाय अवघड नाहीत. आरंभीच कागदाचे माप मिलिमीटरमध्ये ठेवावे. अक्षरांच्या बाह्यरेषा करून घ्याव्यात, म्हणजे दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी मात्रा हलत नाहीत. उघडी टोके जोडावीत. कोपऱ्यात बरोबर 100 मिलिमीटरची एक रेषा काढावी आणि ऑटोकॅडमध्ये सर्वांत आधी तीच मोजावी. ती चुकली, तर त्याच प्रमाणात सारी आकृती लहान-मोठी करावी.

कोणी म्हणेल, हे परीक्षेत कुठे येते? कला आणि यंत्र यांची फारकत मुळात खोटी आहे. आज चित्रकार वापरतात ते बेझिए वक्र फ्रान्समध्ये मोटारींचे आकार आखण्यासाठी रुजले. पिएर बेझिए हे रेनो कंपनीत अभियंता होते. आपल्या बडोद्यातही 1890 साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले ते कला आणि उद्योग यांची सांगड घालण्यासाठीच. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. त्या गावातल्या मराठी शाळेने चित्रकला आणि संगणक यांचे तास एकमेकांपासून तोडून ठेवावेत, हे आम्हाला पटत नाही.

म्हणून आमची सूचना अशी: आठवीपासून दरवर्षी निदान चार तास दोन्ही शिक्षकांनी मिळून घ्यावेत. खर्चाची सबब नको. इंकस्केप आणि लिब्रेकॅड दोन्ही विनामूल्य मिळतात. मुलाने स्वतः काढलेली नक्षी, स्वतः ठरवलेल्या मापात, हातात धरता यावी. शिक्षक व पालकांनी या सूचनेचा जरूर विचार करावा.